दाराबाहेरची नोकरी सोडताना

समोरच्या काकूंचा डबा परत द्यायला गेले, त्या दुपारी मला पहिल्यांदा कळलं की ही नोकरी आता सोडायला हवी.

काकूंनी आदल्या दिवशी अळूवड्या पाठवल्या होत्या. मी हॉस्पिटलातून लवकर सुटले होते. घरात शिरायच्या आधीच म्हटलं, डबा देऊन टाकावा, नाहीतर राहून जातो. सकाळी धुऊन तो पिशवीतच टाकला होता. अंगावर हॉस्पिटलची फिकट निळी साडी, गळ्यात ओळखपत्र. मी बेल वाजवली. काकूंनी आतलं दार उघडलं आणि जाळीच्या दारातून माझ्याकडे पाहिलं.

मी म्हटलं, "काकू, जरा आत येऊ का?"

काकूंचा हात कडीपर्यंत आला आणि तिथेच थांबला. त्या म्हणाल्या, "कुठे आहे तो?"

"कोण?"

"माझा मुलगा. कुठे आणलंय त्याला?"

त्यांचा मुलगा भिवंडीच्या एका गोदामात कामाला होता आणि रोज हायवेने मोटरसायकलवर जायचा. मी काही बोलायच्या आत काकू भिंतीला धरून हळूहळू खाली बसल्या. जाळीच्या दाराला आतून कडी. मी बाहेर उभी राहून डबा वर धरून ओरडत होते, "काकू, डबा! डबा द्यायला आले हो मी!" आमच्या मजल्यावरची सगळी दारं उघडली. शेवटी काकांनी कडी काढली. काकूंना पाणी दिलं, मुलाला फोन लावून त्यांच्या कानाशी धरला. तो पलीकडून "काय झालं, काय झालं" करत राहिला, आणि काकू नुसत्या ऐकत राहिल्या.

नंतर काकूंना फार ओशाळल्यासारखं झालं. "तू मनाला लावून घेऊ नकोस गं," त्या म्हणाल्या. "तू त्या साडीत, आणि तसा आवाज. मला वाटलं..." पुढचं त्या बोलल्या नाहीत.

तसा आवाज म्हणजे कसा, हे मी रात्री जेवताना नवऱ्याला विचारलं. तो बराच वेळ भात कालवत राहिला. मग म्हणाला, "आता विचारलंस म्हणून सांगतो. तू भाजी करपली म्हणून सांगतेस ना, तेव्हासुद्धा माझ्या पोटात गोळा येतो."

मी हसले. तोही हसला. पण त्याने ते गमतीने म्हटलेलं नव्हतं.

नालासोपाऱ्याच्या पश्चिमेला एका खासगी हॉस्पिटलात मी बरीच वर्षं कामाला होते. माझ्या ओळखपत्रावर रुग्णसंपर्क की काहीतरी लिहिलेलं होतं. सुरुवातीला ते काम खरंच चौकशीच्या खिडकीवरचं होतं: कोणते डॉक्टर कधी येतात, सोनोग्राफी कुठल्या मजल्यावर, भेटायची वेळ कोणती. मग आयसीयू सुरू झालं. डॉक्टर बाहेर येऊन नातेवाईकांना सांगायचे, पण त्यांच्या बोलण्यातले अर्धे शब्द लोकांना कळायचे नाहीत. डॉक्टर आत गेले की माणसं माझ्याकडे वळायची. "म्हणजे काय झालं, मॅडम?" आणि मग ते शेवटचं वाक्य, माणूस गेल्याचं, मला बोलावं लागायचं. एकदा बोलले, दोनदा बोलले, आणि पुढे ते माझंच काम होऊन गेलं. डॉक्टर काचेतून मला खूण करायचे. मी आधी बाहेर जायचे, माणसांना बसवायचे, मग डॉक्टर यायचे.

मी ते काम नीट करत होते असं सगळे म्हणायचे. मलाही तसंच वाटायचं. कुणीतरी ते बोलायलाच हवं होतं, आणि माझ्या तोंडून ते कमी लागतं असा माझा समज होता. कमी लागत नव्हतं. लोक फक्त माझ्यासमोर आरडाओरडा करत नव्हते, एवढंच.

पण ती माणसं गावातलीच होती. नालासोपारा, विरार, आगाशी, अर्नाळा, सगळं इथल्या इथे. मी बाजारात मेथीची जुडी निवडत असले की पलीकडून कुणीतरी माझ्याकडे टक लावून बघतंय असं जाणवायचं. मी मान वर केली की ते माणूस पटकन दुसरीकडे बघायचं. एक बाई माझ्या शेजारी बसली होती बसमध्ये, तिने माझा चेहरा नीट पाहिला आणि पुढच्या थांब्यावर उतरून गेली. तिचा थांबा तो नव्हता, कारण ती तिथेच उभी राहून पुढच्या बसची वाट बघत होती. कुणी मला वाईट बोललं नाही. उलट एकदोघांनी हात जोडले. पण हात जोडून तेही निघूनच गेले.

घरातसुद्धा तसंच. दुपारी मी एकटी असताना कुकर लावायचे, आणि मधूनच वाटायचं, बाहेरच्या खोलीत कुणीतरी बसलंय. माझी वाट बघत, गुडघ्यावर पिशवी घेऊन. मी जाऊन बघायचे. खुर्च्या रिकाम्या. तरी मी परत स्वयंपाकघरात जाताना पाय न वाजवता जायचे.

काकूंच्या प्रसंगानंतर आठवड्याभरात मी राजीनामा लिहिला. अगदी साधा लिहिला. वैयक्तिक कारणास्तव, नियमाप्रमाणे नोटीस देत आहे, इथे जे शिकायला मिळालं त्याबद्दल आभारी आहे. पहिल्यांदा लिहिलं तेव्हा त्यात बरंच काय काय आलं होतं. बाहेर नातेवाईकांसाठी धड चार खुर्च्याही नाहीत, पंखा बंद पडला की महिनाभर कुणी बघत नाही, असलं सगळं. ते मी काढून टाकलं. जाताना भांडून जावं असं मला वाटत नव्हतं. ती तक्रार मी तोंडी, समोर बसून करणार होते.

आमच्या प्रशासक मॅडम कडक बाई. त्यांनी कागद वाचला, उलटून मागची बाजूही बघितली.

"दुसरीकडे चाललात?"

"नाही, मॅडम."

"घरी काही अडचण?"

"नाही."

"मग वैयक्तिक म्हणजे काय?"

मी त्यांना डब्याची गोष्ट सांगितली. त्या ऐकत राहिल्या. मला वाटलं होतं, त्या म्हणतील एवढ्यातेवढ्याने नोकरी सोडायची का. त्या म्हणाल्या, "बिलिंगला घेते तुम्हाला. उद्यापासून. तिथे कुणाला काही सांगायला नको."

"बिलिंगलाही तीच माणसं येतात, मॅडम."

यावर त्यांनी माझा राजीनामा फाइलला लावला. मग खुर्च्यांचं आणि पंख्याचं मी सांगितलं, तेही त्यांनी लिहून घेतलं. शेवटी म्हणाल्या, "एक काम करा. जाताना कुणाला तरी तयार करून जा. नाहीतर पहिल्याच दिवशी नवीन मुलगी पळून जाईल." ही विनंती होती. त्यांच्याकडून तशी मी पहिल्यांदाच ऐकली. मी हो म्हटलं.

नवीन मुलगी नालासोपारा पूर्वेची होती. आईवडील सोलापूरकडून आलेले, ती इथेच वाढलेली. नुकतंच कॉलेज संपवून आलेली, चटपटीत, केसांना सोनेरी रंग. पहिल्या दिवशी म्हणाली, "ताई, मला सॉलिड टेन्शन आलंय. रडायला आलं तर?"

"येऊ दे. पण त्यांच्या आधी नाही."

हे काम कसं शिकवतात, मला ठाऊक नव्हतं. मला कुणी शिकवलंच नव्हतं. मी तिला लहानसहान गोष्टी सांगत गेले. दारात उभं राहून बोलायचं नाही, जवळ जायचं. समोरच्याच्या हातात गरम चहा असेल तर आधी तो घ्यायचा. बाई एकटी असेल तर कुणाला बोलवायचं ते विचारून घ्यायचं, पण तेवढ्यासाठी तिला ताटकळत ठेवायचं नाही. "प्रयत्न चालू आहेत" हे वाक्य प्रयत्न चालू असतानाच बोलायचं. आणि शेवटचा शब्द स्पष्ट बोलायचा. तो शब्द गिळला की माणसं आशेला लागतात, आणि मग तो पुन्हा बोलावा लागतो.

ती सगळं ऐकायची. मी बाहेर जायचे तेव्हा माझ्या मागे एक पाऊल सोडून उभी राहायची. माझ्याकडे बघायची. मला वाटायचं, ती घाबरून बघतेय. ती शिकत होती.

एकदा डबा खाताना तिने विचारलं, "ताई, मग घरी गेल्यावर काय करायचं?"

"म्हणजे?"

"म्हणजे, ते डोक्यातून काढायचं कसं?"

मी म्हटलं, "ते मला जमलं नाही. म्हणून तर चाललेय." तिने मान हलवली आणि माझ्या डब्यातलं लोणचं घेतलं. मला वाटतं, त्या एका उत्तराने तिचा माझ्यावर विश्वास बसला.

त्याच सुमाराला विरारजवळच्या नंदाखाल गावचे एक आजोबा रोज येऊन बसायचे. नारळ-केळीची वाडी होती त्यांची. बायकोला पक्षाघाताचा मोठा झटका आला होता. ती आत, हे बाहेर, बाकाच्या टोकाला, भिंतीला टेकून. मुलगा परदेशात होता, पुतणे आळीपाळीने येऊन जायचे. आजोबा मात्र हलायचे नाहीत. फोनवर घरच्या बोलीत बोलायचे, ते मला निम्मं कळायचं. माझ्याशी बोलताना जपून पुस्तकी मराठी बोलायचे, पण हाक मारताना "बाय" म्हणायचे. मी त्यांना बाबा म्हणायचे. येताना कधी चार वेलची केळी आणायचे आणि काही न बोलता माझ्या टेबलावर ठेवायचे. इतर नातेवाईकांसारखे ते मला कधीच विचारायचे नाहीत, आज कशी आहे म्हणून. एकदा मीच विचारलं, तुम्ही विचारत का नाही? म्हणाले, "तुला सांगायचं झालं की तू येशीलच ना, बाय. तोवर कशाला?"

माझ्या शेवटच्या दिवशी हॉस्पिटलातल्या मुलींनी केक आणला. दुपारच्या जेवणाच्या वेळेत, कपडे बदलायच्या खोलीत, आवाज न करता कापायचा ठरला. हॉस्पिटलात टाळ्या वाजवत नाहीत, म्हणून सगळ्यांनी नुसते हात वर करून हलवले. प्रशासक मॅडमही आल्या. त्यांनी मला एक शाल दिली. "बाहेरच्या खुर्च्या आल्यात," एवढंच म्हणाल्या. खरंच आल्या होत्या. सकाळी मी पाहिल्या होत्या, अजून प्लॅस्टिकही निघालेलं नव्हतं. मी माझ्या जागेच्या किल्ल्या, चौकशीच्या फोनची वही, ओळखपत्र, सगळं नवीन मुलीच्या ताब्यात द्यायला काढून ठेवलं. संध्याकाळपर्यंत काही होऊ नये, एवढंच मनात होतं.

चारच्या सुमाराला डॉक्टरांनी काचेतून खूण केली. आजोबांची बायको.

मी साडी सारखी केली आणि दार ढकलून बाहेर आले. मुलगी माझ्या मागे होती. आजोबा नवीन खुर्चीवर बसले नव्हते, नेहमीच्या बाकावरच होते. त्यांनी मला येताना पाहिलं आणि हात वर केला, गाडीला थांबवतात तसा.

"बाय, तू नको सांगू."

मी थांबले.

"मघाशी केक नेताना बघितला मी. तुझा शेवटचा दिवस ना आज? तू नको सांगू. ते घेऊन घरी नको जाऊ." मग त्यांनी माझ्या मागे बोट केलं. "तिला सांगू दे. तिला तर उद्याही यायचंय."

इतक्या वर्षांत मला कुणी थांबवलं नव्हतं. मी मुलीकडे पाहिलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता, पण ती पुढे आली. मी बाकावर आजोबांच्या शेजारी बसले. त्या बाकावर मी कधीच बसले नव्हते. तिथून ते दार फार मोठं दिसत होतं.

मुलगी जवळ आली. आजोबांच्या पुढ्यात वाकली. हातात चहा नाही ना, ते तिने आधी पाहिलं. मग बोलली.

आणि मी माझा आवाज ऐकला.

शब्द तर माझे होतेच. पण ते थांबणं, पहिल्या वाक्यानंतर श्वास घेणं, शेवटचा शब्द खालच्या पट्टीत पण स्पष्ट ठेवणं, सगळं माझं. मी शिकवलं नव्हतं ते. माझ्या मागे एक पाऊल सोडून उभी राहून तिने ते उचललं होतं. कोवळ्या, सोनेरी केसांच्या त्या मुलीच्या तोंडून मी बोलत होते आणि मीच ते ऐकत होते. काकू जाळीच्या दाराआड का खाली बसल्या, ते मला त्या क्षणी कळलं. आत गेलेल्या बाई माझ्या कुणी नव्हत्या, तरी माझे हातपाय गार पडले.

आजोबा शांत होते. त्यांनी मुलीच्या हातावर हात ठेवला. "बस," म्हणाले. "आधी तू बस." ती त्यांच्या पलीकडे बसली. डॉक्टर बाहेर आले, बोलले, परत गेले. पुतण्याला फोन मी लावला. तो येईपर्यंत आम्ही तिघं त्या बाकावर एका रांगेत बसून होतो. आजोबा एकदाच बोलले. त्यांच्या बोलीत, बायकोचं नाव घेऊन, काहीतरी विचारल्यासारखं. मला कळलं नाही, आणि मी विचारलंही नाही.

संध्याकाळी मी सगळ्यांचा निरोप घेतला, किल्ल्या दिल्या, वहीवर सही केली. मुलीने मला मिठी मारली. मी तिला काहीतरी चांगलं सांगायला हवं होतं. मला घाई झाली होती तिच्या आवाजापासून दूर जायची. "फोन कर," एवढं म्हटलं आणि निघाले.

आता मी विरार पूर्वेला, मनवेलपाड्यातल्या आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर, एका लग्नपत्रिकांच्या दुकानात काम करते. मजकूर संगणकावर बसवायचा, घरच्या लोकांना दाखवायचा, चुका दुरुस्त करायच्या. काम आनंदाचं. गणपतीचं चित्र, गुलाबी कागद, अत्तराचा वास. पण पत्रिकेत सगळ्यांची नावं येतात, आणि गेलेल्यांच्या नावाआधी 'कै.' लागतं. पूर्वी एकदा हयात आजोबांना 'कै.' लागलं होतं आणि मोठं भांडण झालं होतं, म्हणून मालक म्हणतात, प्रत्येक वडीलधाऱ्या नावापाशी तोंडी विचारून घ्या. मी विचारते. लोक सहज सांगतात, "हो हो, कै. लावा." मी ते एक अक्षर टंकते आणि पुढचं नाव नीट बघते, ओळखीचं निघतं का ते. कधीकधी निघतं. मग मी माणसांकडे बघत नाही, पडद्याकडे बघत राहते.

गेल्या लग्नसराईत एक बाई मुलाची पत्रिका करायला आल्या. सोबत त्यांची मुलगी होती. नवऱ्याच्या नावापाशी मी विचारलं, त्यांनी मान डोलावली. मग त्या माझ्याकडेच बघत राहिल्या.

"तुम्ही त्या हॉस्पिटलात होतात ना? नालासोपाऱ्याला?"

"होते. सोडलं."

"तुम्हीच मला सांगितलं होतं." आवाजात राग नव्हता. "तुम्ही म्हणालात, ते गेले. मी विचारलं, कुठे गेले? तुम्ही परत म्हणालात, वहिनी, ते गेले. मला वहिनी म्हणालात तुम्ही."

मी त्यांचा चेहरा आठवायचा प्रयत्न केला. नवऱ्याचं नाव पडद्यावर होतं, तेही परत वाचलं. माझ्याकडे इतके चेहरे आहेत, कुकरच्या शिट्टीसरशीही येतात. हा नव्हता. बाजूला बसलेली मुलगी, तिचं वय तेव्हा किती असेल, तीही नव्हती.

खोटं बोलता आलं असतं. मी म्हटलं, "वहिनी, खरं सांगते. मला आठवत नाही."

मुलीला ते लागलं. तिने आईकडे पाहिलं. बाई मात्र म्हणाल्या, "बरंय. कुणाला तरी आठवत नाही."

पत्रिका छापून झाल्या तेव्हा त्या स्वतः न्यायला आल्या. गठ्ठ्यातली पहिली काढली, कोपऱ्याला कुंकू लावलं आणि माझ्या हातात दिली. "यायचं."

मी जाणार नव्हते. शुभकार्यात माझं तोंड कुणाला दिसावं, असं मला वाटत नाही. नवरा म्हणाला, "त्यांनी हाताने दिलीय. जाऊन ये." म्हणून गेले. आगाशीजवळचा हॉल, सनई स्पीकरवर, अक्षता पडून गेल्या होत्या. मी मागच्या रांगेत उभी राहिले. त्या व्यासपीठावर मुलाच्या शेजारी उभ्या होत्या, हिरवी पैठणी नेसून. गर्दीत त्यांची नजर फिरत फिरत माझ्यावर आली. आधी त्यांचा चेहरा पडला. मी तो पडताना पाहिला. मग त्या हसल्या आणि कुणाला तरी माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, त्यांना जेवायला बसवा.

पंगतीत माझ्या शेजारी एक म्हाताऱ्या बाई होत्या. मसालेभात वाढून झाल्यावर त्यांनी विचारलं, "तुम्ही मुलाकडच्या?"

"हो."

"कोण लागता?"

मी पाण्याचा पेला उचलला. माझा आवाज कसा निघेल याची मला खात्री नव्हती. पाणी प्यायले, आणि शक्य तितक्या मोठ्याने, हसऱ्या तोंडाने म्हटलं, "ओळखीची आहे." पुढचे दोघे वळून बघायला लागले, इतकं ते मोठ्याने निघालं. म्हाताऱ्या बाईंना मात्र नीट ऐकू आलं नसावं. त्यांनी मान डोलावली आणि वाढप्याला हाक मारून माझ्या पानात आणखी एक जिलबी घालायला लावली.